यादीबाहेरची खरेदी

मीठ आणायला गेलेला माणूस पिशवीभर सामान घेऊन परततो आणि म्हणतो, ‘लहर आली, घेतलं.’ माझा अख्खा जन्म किराणा दुकानात गेला. मला त्या लहरीमागे दुकानाची मांडणी दिसते.

वडिलांच्या काळी सगळा माल फळीच्या आतल्या बाजूला. गिऱ्हाईक यादी वाचून दाखवी, वडील तोलून रद्दीच्या कागदात पुडी बांधत, वर टांगलेल्या रिळाचा दोरा खाली ओढून चार वेढे देत आणि बोटाच्या हिसक्याने तोडत. ‘आणखी काही?’ बाई जरा थांबून म्हणत, ‘नको, एवढंच.’ तोंडाने मागायला लागायचं, त्यात निम्मा मोह विरून जाई. लिमलेटची बरणी तेवढी पुढे असे, पण महिन्याचा किराणा भरला की त्यातली गोळी पोराच्या हातावर फुकट पडे.

ही फळी हटवली क्लॅरेन्स सॉन्डर्सने, 1916 साली, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात. दुकानाचं नाव पिगली विगली. आत शिरायला फिरतं फाटक, पुढे सगळ्या मालासमोरून नेणारी एकच नागमोडी वाट, पैसे बाहेर पडताना. साखर हवी असली तरी बाकीचा माल पाहिल्याशिवाय सुटका नाही. 1917 मध्ये त्याने या मांडणीचं पेटंट मिळवलं. त्यात नोकरांचा पगार वाचला हे खरं, पण गिऱ्हाईकाचं मागणंच संपलं, हा बदल मला फार मोठा वाटतो. 1923 मध्ये शेअर बाजारातल्या झुंजीत कंपनी त्याच्या हातून गेली. मांडणी मात्र जगभर पसरली.

तरी हाताला रग लागायचीच. टोपली जड झाली की लोक खरेदी आवरतात, हे ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमनने हेरलं. घडीच्या खुर्चीवरून त्याला चाकांची गाडी सुचली आणि 1937 मध्ये त्याने ती दुकानात आणली. सुरुवातीला कुणी तिला हात लावेना, तेव्हा त्याने पगारी माणसं गाड्या ढकलत फिरवली.

अशाच मांडणीचं पहिलं डी-मार्ट 2002 साली मुंबईत पवईला उघडलं. आता आमच्या दुकानातही मुलाने फळी काढली आहे. डाळ-तांदूळ त्याने मागच्या भिंतीला नेले, कारण ते लागतातच. तिथवर जाता-येता फरसाण आणि बिस्किटं लागतात. ते मी चालू दिलं. गल्ल्यापाशी पोरांच्या उंचीवर चॉकलेटं लावायला निघाला तेव्हा मात्र आडवा आलो. पैसे मोजणाऱ्या आईला चार लोकांत पोराला ‘नाही’ म्हणायला लावणं मला पटत नाही.