चिनी फेंगशुईतील संख्यांचा अर्थ : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

‘फेंग’ म्हणजे वारा आणि ‘शुई’ म्हणजे पाणी. माणसाचे घर, नगर आणि पूर्वजांचे थडगे कोठे व कोणत्या दिशेस असावे, हे ठरविणारी चिनी विद्या या दोन शब्दांच्या जोडीने ओळखली जाते. क्वो फू (इ.स. २७६–३२४) याच्या नावावर असलेल्या ‘त्सांग शू’ या दफनविषयक ग्रंथात या नावाचा खुलासा आढळतो. ‘छी’ ही प्राणशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, अशी त्यामागील कल्पना आहे. भारतात ही विद्या मुख्यतः १९९० च्या दशकात इंग्रजी पुस्तके आणि शोभेच्या वस्तू यांच्या द्वारे लोकप्रिय झाली. तिच्याबरोबर ‘आठ शुभ, चार अशुभ’ अशी संख्यांची यादीही आली. ही यादी म्हणजे हजारो वर्षांच्या फेंगशुई परंपरेचा गाभा होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीची ऐतिहासिक दृष्टीने तपासणी केली आहे. फेंगशुईच्या नावाखाली संख्येला जो अर्थ दिला जातो, त्याचे उगम दोन आहेत : एक स्थान व काळ यांची गणना आणि दुसरा चिनी भाषेतील उच्चारसाम्य. हे दोन्ही उगम स्वतंत्र असून काही ठिकाणी ते परस्परविरोधीही आहेत.

लो शू : संख्या म्हणजे स्थान

प्राचीन चिनी विचारात विषम संख्या ‘यांग’ म्हणजे आकाशतत्त्वाच्या आणि सम संख्या ‘यिन’ म्हणजे पृथ्वीतत्त्वाच्या मानल्या गेल्या. ‘यी चिंग’ या ग्रंथाच्या ‘महाभाष्य’ नावाच्या परिशिष्टात १ ते १० या संख्यांची अशीच विभागणी आहे. आकाशाच्या पाच संख्यांची बेरीज २५, पृथ्वीच्या पाच संख्यांची ३० आणि एकूण ५५, असा हिशेबही तेथे मांडलेला आहे.

फेंगशुईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची रचना म्हणजे ‘लो शू’ हा नऊ घरांचा चौरस. वरच्या ओळीत ४, ९, २. मधल्या ओळीत ३, ५, ७. आणि खालच्या ओळीत ८, १, ६ अशी त्याची मांडणी आहे. आडवी, उभी किंवा तिरपी, कोणतीही ओळ घेतली तरी बेरीज १५ येते. जुन्या चिनी नकाशांप्रमाणे येथे दक्षिण दिशा वर असते. त्यामुळे ९ दक्षिणेला, १ उत्तरेला, ३ पूर्वेला, ७ पश्चिमेला आणि ५ मध्यभागी येतो. लो नदीतून वर आलेल्या कासवाच्या पाठीवर हा आकृतिबंध यू राजाला दिसला, अशी आख्यायिका आहे. ऐतिहासिक पुरावा मात्र अधिक नेमका आहे. १९७७ मध्ये आन्हुई प्रांतातील फूयांग येथे एका सरदाराच्या थडग्याचे उत्खनन झाले. त्याचा मृत्यू इ.स.पू. १६५ मध्ये झाला होता. त्या थडग्यात नऊ स्थानांची हीच व्यवस्था दाखविणारा भविष्यकथनाचा फलक सापडला. ठिपक्यांच्या स्वरूपातील जी आकृती आज ‘लो शू’ म्हणून परिचित आहे, ती मात्र सोंग राजवटीच्या काळात प्रचलित झाली. त्या काळात तिच्या नावाविषयीही एकमत नव्हते. ल्यू मू या विद्वानाने नऊ संख्यांच्या आकृतीला ‘हो थू’ आणि दहा संख्यांच्या आकृतीला ‘लो शू’ म्हटले. बाराव्या शतकात त्साई युआनतिंग आणि चू शी यांनी ही नावे उलटी केली आणि पुढे तीच रूढ झाली.

या रचनेत संख्या ही स्वतः शुभ वा अशुभ नाही. प्रत्येक संख्या एक दिशा, एक महाभूत आणि ‘यी चिंग’मधील एक त्रिरेखा यांच्याशी जोडलेली आहे. केवळ मध्यस्थानाच्या ५ ला त्रिरेखा नाही. थोडक्यात, संख्या ही येथे स्थानाची खूण आहे.

नऊ : सत्तेची संख्या

एक ते नऊ यांतील सर्वांत मोठी विषम संख्या म्हणून नऊ ही यांगची परिसीमा मानली गेली आणि सम्राटाशी तिचा संबंध जोडला गेला. बीजिंगच्या स्वर्गमंदिर परिसरातील वर्तुळाकार वेदी हे याचे उत्तम उदाहरण आहे. ही वेदी १५३० मध्ये बांधली गेली आणि १७४९ मध्ये तिचा विस्तार झाला. सर्वांत वरच्या चौथऱ्यावर मध्यवर्ती शिळेभोवती पहिल्या वर्तुळात ९ फरशा आहेत, दुसऱ्यात १८ आणि नवव्यात ८१. खालच्या दोन चौथऱ्यांवर हाच क्रम सत्ताविसाव्या वर्तुळापर्यंत पुढे जातो आणि तेथे २४३ फरशा येतात. राजवाड्याच्या मुख्य दरवाजांवर उभ्या-आडव्या नऊ-नऊ ओळींत ८१ खिळे आहेत. येथे संख्या वैयक्तिक भाग्याची सूचक नाही. स्वर्ग, सम्राट आणि प्रजा यांच्या संबंधाचे ते दृश्य विधान आहे.

काळानुसार बदलणारा अर्थ

‘श्वेनखोंग’ किंवा ‘उडते तारे’ या फेंगशुई पद्धतीत लो शूच्या संख्यांना काळाचे परिमाण मिळते. शेन चूरेंग (१८४९–१९०६) याच्या लेखनामुळे तिला आजचे रूप प्राप्त झाले. या पद्धतीत १८० वर्षांचे एक चक्र असून त्याचे वीस-वीस वर्षांचे नऊ कालखंड पडतात. चालू चक्र १८६४ मध्ये सुरू झाले. त्यानुसार २००४ ते २०२३ हा आठवा कालखंड होता आणि २०२४ पासून नववा सुरू झाला आहे. ज्या कालखंडाची जी संख्या, ती त्या काळात प्रबळ व हितकारक आणि कालखंड सरला की तिचे बळ ओसरते, असा या पद्धतीचा नियम आहे.

या पद्धतीत चार हा हिरवा तारा असून त्याचा संबंध विद्या व साहित्य यांच्याशी आहे. परीक्षार्थीच्या अभ्यासाची जागा त्याच्या आधारे निवडली जाते. दोन हा काळा तारा रोगाचा आणि पाच हा पिवळा तारा आपत्तीचा मानला जातो. लोकव्यवहारात मात्र चार सर्वांत भयप्रद आहे आणि दोन ही जोडीची, म्हणून मंगल संख्या आहे. एकाच विद्येच्या नावावर चालणाऱ्या या दोन मूल्यांकनांचा मेळ बसत नाही, कारण त्यांचा उगमच वेगळा आहे.

उच्चारसाम्याचे शास्त्र

चिनी भाषेत एकाच किंवा जवळच्या उच्चाराचे अनेक शब्द आहेत. त्यांवर आधारलेली मंगलचिन्हांची परंपरा जुनी आहे. वटवाघूळ आणि सौभाग्य या दोन्हींसाठी ‘फू’ असा उच्चार असल्यामुळे पाच वटवाघळे म्हणजे पाच सौभाग्ये ठरली. ‘यू’ म्हणजे मासा आणि विपुलताही, म्हणून नववर्षाच्या चित्रांत मासा आला. संख्यांच्या शुभाशुभाची लोकप्रिय कल्पना याच तत्त्वावर उभी आहे. ‘चार’ आणि ‘मृत्यू’ या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘स्स’ असा असून फरक फक्त सुराचा आहे. ‘नऊ’ आणि ‘चिरकाल’ हे शब्द समोच्चारी आहेत. ‘आठ’चा संबंध संपत्तीच्या वाढीशी आहे. बीजिंगच्या भाषेत आठला ‘पा’ म्हणतात आणि वाढीचा शब्द ‘फा’ आहे. हे साम्य तेथे ओझरतेच आहे. कँटनच्या बोलीत मात्र ‘पात’ आणि ‘फात’ यांचे यमक पूर्ण जुळते. १६८ ही संख्या त्या बोलीत ‘वाटचालीत सतत भरभराट’ अशी ऐकू येते, तर १४ ही ‘निश्चित मृत्यू’ अशी. जपानी आणि कोरियन भाषांनी चार व मृत्यू हे दोन्ही शब्द चिनीतून घेतल्यामुळे तेथेही चारची भीती पोहोचली.

बाजारपेठ आणि आठ

१९४९ नंतर चीनच्या मुख्य भूमीवर फेंगशुईची गणना अंधश्रद्धेत झाली. ही विद्या हाँगकाँग व तैवान येथे उघडपणे टिकून राहिली. कँटन बोलीच्या हाँगकाँगमध्ये आठच्या महतीला व्यापाराचे बळ मिळाले. तेथील सरकारने १९७३ पासून वाहनांच्या विशेष क्रमांकांचा लिलाव सुरू केला आणि त्याचे उत्पन्न धर्मादाय कार्याकडे वळविले. ‘८’ हा क्रमांक १९८८ मध्ये ५० लाख हाँगकाँग डॉलरला गेला आणि ‘१८’ हा २००८ मध्ये १ कोटी ६५ लाखांना. १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांबरोबर हाँगकाँगचे भांडवल आणि ही अभिरुची दोन्ही मुख्य भूमीवर पसरली. बीजिंग ऑलिंपिकचे उद्घाटन ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री ८ वाजता झाले. व्हँकुव्हर परिसरातील घरविक्रीचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चिनी रहिवाशांचे प्रमाण सरासरीहून अधिक असलेल्या तेथील वस्त्यांत शेवटी ४ असलेल्या क्रमांकाचे घर सुमारे २.२ टक्के कमी आणि ८ असलेले सुमारे २.५ टक्के अधिक किमतीला विकले गेल्याचे त्यात आढळले. समजुतीची किंमत पैशांत मोजता येते, हे यावरून दिसते.

२००४ ते २०२३ या काळात कालगणना आणि उच्चार या दोन्ही आधारांवर आठ अनुकूल ठरत होता. दोन वेगळ्या परंपरा एकच आहेत, असा भास त्यामुळे दृढ झाला. गणनेनुसार आता आठचा कालखंड संपला आहे. उच्चारावर आधारलेले त्याचे महत्त्व मात्र कालखंड बदलला म्हणून बदलत नाही.

भारतीय संदर्भ

लो शूचा चौरस भारतीयांना अपरिचित नाही. नवग्रहांच्या यंत्रांतील सूर्ययंत्रात ६, १, ८. ७, ५, ३. आणि २, ९, ४ अशा ओळी आहेत. हा लो शूच अर्धा फेरा फिरवून मांडलेला आहे. १ ते ९ या संख्यांचा असा चौरस, फिरवणे व उलटवणे वगळता, एकच संभवतो. त्यामुळे हे साम्य गणितातूनच येते. भारतात तो सूर्याचा झाला आणि चीनमध्ये दिशांचा. लोकप्रिय अंकज्योतिषात तर आठ हा शनीचा अंक म्हणून अनेकांना नकोसा वाटतो. मराठीत ‘आठ’चा उच्चार संपत्तीशी जुळत नाही आणि ‘चार’चा मृत्यूशी. ज्या शब्दसाम्यावर ही यादी उभी आहे, ते साम्यच भाषांतरात गळून पडते आणि केवळ आदेश शिल्लक राहतो.

निष्कर्ष

फेंगशुईच्या शास्त्रीय परंपरेत संख्या ही स्थान आणि काळ दर्शविणारी सापेक्ष खूण होती. लो शूतील स्थान, राजसत्तेचे प्रतीक आणि कालचक्राची गणना या तिन्ही ठिकाणी संख्येचा अर्थ संदर्भातून ठरतो. आज जगभर प्रसिद्ध असलेली शुभाशुभ संख्यांची यादी प्रामुख्याने भाषिक असून तिच्या प्रसारामागे कँटन बोली आणि विसाव्या शतकातील व्यापार आहे. या यादीला प्राचीन विद्येचा अधिकार देणे इतिहासाला धरून नाही. चौथ्या मजल्यावरील घर नाकारणाऱ्या किंवा आठ आकड्यासाठी जादा पैसे मोजणाऱ्या मराठी कुटुंबाने ही गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. त्या निर्णयामागे लो नदीचे कासव नाही, तर त्या कुटुंबाने कधी न ऐकलेल्या एका बोलीतील यमक आहे.