समाजवाद, भांडवलशाही आणि आपला ऊस

समाजवाद बरा की भांडवलशाही? विद्यार्थी मित्रांनी याचे उत्तर रशिया-अमेरिकेत शोधण्याआधी प्रवरेकाठी पाहावे. नगर जिल्ह्यात साखर कारखाने खाजगी कंपन्यांचे होते. लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० मध्ये सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. काँग्रेसचा आवडीचा समाजवादी समाजरचनेचा ठराव त्यानंतरचा, १९५५ चा! कारखाना नफा कमावणारा, शासनाचेही भागभांडवल. पण सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. आता याला कोणता वाद म्हणावे? आपल्या आंबेगाव तालुक्यातील भीमाशंकर कारखानाही सहकारीच. ऊसतोड मजुराला मात्र या मतदानात जागा नव्हती. दर हंगामात त्याच्या मुलांची शाळा सुटत राहिली.