पाव मैल मोकळा रस्ता

आमच्या गावाला वळसा घालून जाणारा नवा रस्ता झाला, त्याला आता चार वर्षे होतील. रस्ता सरळ आहे, गुळगुळीत आहे, आणि रात्री दहानंतर त्यावर वर्दळ नसते. एवढे तीन गुण जुळल्यावर तेथे फटफट्यांच्या शर्यती लागल्या नसत्या तरच नवल! गेल्या आषाढात अशाच एका रात्री एक मुलगा घसरून पडला. तो माझा जुना विद्यार्थी. पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडून होता म्हणून समाचाराला गेलो, आणि मास्तराने करावा तसा उपदेशही केला. त्याने तो मान खाली घालून ऐकून घेतला. मग हळूच म्हणाला, "सर, रस्त्यावर पळवू नये हे कळतं. पण मग पळवायची कुठं?"

उपदेशाचे माझे भांडार तसे मोठे आहे. पण या 'कुठं'चे उत्तर त्यात सापडेना. पुढे वाचता वाचता ध्यानात आले की, हाच प्रश्न पाऊणशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या पोरांनी आपल्या वडीलधाऱ्यांना विचारला होता. आणि नवलाची गोष्ट ही की, तेथल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी त्याचे उत्तर दिले होते. ते कसे दिले आणि पुढे त्याचे काय झाले, एवढेच आज सांगायचे आहे.

या शर्यतीला तिकडे 'ड्रॅग रेस' म्हणतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, खूण होताच सोडायच्या, आणि पाव मैलावरची, म्हणजे १३२० फुटांवरची, रेघ आधी कोण ओलांडतो ते पाहायचे. वळण नाही, फेरा नाही. दम आहे तो उभ्या गाडीने वेग किती चटकन घ्यावा यात. आपल्याकडच्या शंकरपटाची आठवण यावी असाच हा प्रकार. फक्त बैलांच्या जागी इंजिन.

तिकडे ही हौस परवडू लागली ती फोर्डमुळे. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसवले. काही वर्षांत या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या. पोरे त्यांचे मडगार्ड काढून टाकीत, बॉनेट उतरवीत, वजन घटवीत, इंजिनाशी रात्र रात्र झटापट करीत. हीच 'हॉट रॉड'. सुटीच्या दिवशी या गाड्या घेऊन म्यूरॉक, एल मिराज अशा आटलेल्या तळ्यांच्या सपाट माळावर जायचे आणि वेग मोजून घ्यायचा. त्यासाठी १९३७ साली तेथल्या क्लबांनी एकत्र येऊन एक संघटनाही काढली. पण तळी दूर. आणि गावातला रस्ता दाराशी! त्यामुळे रात्रीच्या शर्यती गावातही होतच.

मग महायुद्ध आले. म्यूरॉकचा माळ लष्कराकडे गेला. युद्ध संपल्यावर तरणी पोरे परतली, ती विमानांची आणि रणगाड्यांची इंजिने हाताळून आलेली. रस्त्यांवरच्या शर्यती वाढल्या, अपघात वाढले, वर्तमानपत्रांतून ओरड सुरू झाली. पोरांना धरून दंड करणे हा एक उपाय होताच. पण युद्धाने आणखी एक गोष्ट मागे ठेवली होती: ओस पडलेल्या धावपट्ट्या. विमानासाठी बांधलेली सरळ, सपाट, आडवा रस्ता नसलेली जमीन! पाव मैल पळायला आणि पुढे थांबायला याहून चांगली जागा कोणती?

१९५० साली सी. जे. हार्ट नावाच्या मोटारींच्या शौकिनाने आणि त्याच्या सोबत्यांनी सँटा अ‍ॅना येथील विमानतळाची एक धावपट्टी दर रविवारी वापरण्याची परवानगी मिळवली. प्रवेश फी ५० सेंट. ज्याची गाडी पाहणीत उतरेल त्याने पळवावी. हार्टची बायको पेगी हीसुद्धा तेथे गाडी पळवी, आणि भल्याभल्यांना मागे टाकी. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स या मासिक-संपादकाने राष्ट्रीय हॉट रॉड संघटना स्थापन केली. सुरक्षितपणा हे तिचे ब्रीद. १९५४ साली या संघटनेची चार माणसे एक मोटार आणि मागे सामानाची गाडी जोडून देशभर हिंडली आणि गावोगाव शर्यत कशी भरवावी, गाडी कशी तपासावी ते शिकवीत गेली. त्यांचा म्होरक्या बड कून्स हा पोमोना गावच्या पोलीस खात्यातला माणूस होता! वाचकहो, ज्याने पोरांना पकडायचे तोच त्यांना पळायला शिकवीत फिरला, हे चित्र मला फार मोलाचे वाटते.

१९५५ साली लॉस एंजेलिसच्या बंदराजवळ विल्मिंग्टनला लायन्स क्लबांनी असाच एक पट्टा बांधून दिला. त्यामागेही रस्त्यावरच्या शर्यतींचे खटले ऐकून कंटाळलेल्या एका न्यायाधीशाचा पुढाकार होता.

पुढे हौसेत पैसा शिरला. निशाणवाला उडी मारून निशाण खाली करी, त्याच्या जागी १९६३ साली विजेच्या रंगीत दिव्यांचा खांब आला. १९६४ साली फ्लोरिडाच्या डॉन गार्लिट्सने पाव मैलाच्या शेवटी ताशी २०० मैलांचा वेग अधिकृतपणे ओलांडला. १९७० साली गाडीचा गिअरबॉक्स फुटून त्याच्या उजव्या पावलाचा भाग गेला; इस्पितळात पडल्या पडल्या त्याने इंजिन चालकाच्या मागे बसवण्याचा विचार पक्का केला, आणि पुढच्या वर्षी तशीच गाडी आणून जिंकला. शर्ली मुल्डाउनी या बाईने १९७७, १९८० आणि १९८२ असे तीनदा सर्वांत वरच्या वर्गाचे विजेतेपद मिळवले. खेळण्यांच्या आणि सिगारेटच्या कंपन्यांनी गाड्यांवर आणि स्पर्धांवर नावे घातली. घरामागच्या छपरात गाडी जुळवणारा पोरगा आता या वरच्या वर्गात पोचणे कठीण झाले.

तरी हौशी माणूस हटला नाही. त्याच्यासाठी 'ब्रॅकेट' नावाची एक तऱ्हा निघाली, ती ऐकण्याजोगी आहे. पळण्यापूर्वी प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते काचेवर लिहायचे. समजा, एकाने १५ लिहिले आणि दुसऱ्याने ११. तर पहिल्याला चार सेकंद आधी सोडायचे. पण लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर तुम्ही बाद! म्हणजे आपली ताकद लपवायची सोय नाही आणि फुगवायचीही नाही. बाजारहाटाची जुनी गाडीसुद्धा या खेळात महागड्या गाडीला हरवू शकते. परीक्षेत पेपर सुरू होण्याआधी मुलांना आपले गुण स्वतः लिहायला लावले तर काय होईल, या विचाराने मला बराच वेळ हसू येत राहिले.

आता ते दिवस आठवून हळहळणारे पुष्कळ आहेत. सँटा अ‍ॅनाच्या शर्यती १९५९ मध्येच थांबल्या. आवाजाच्या तक्रारी आणि जमिनीची वाढती किंमत यांपुढे एकेक पट्टा गेला. विल्मिंग्टनचा पट्टा १९७२ च्या डिसेंबरात अलोट गर्दीत शेवटचा पळाला; आज त्या जागी बंदराचे कंटेनर आहेत. कोलोरॅडोतला, एका कुटुंबाने १९५८ पासून चालवलेला बँडिमिअर पट्टा २०२३ साली तेथून उठला. बेकर्सफील्डजवळच्या फॅमोसोला म्हाताऱ्या शौकिनांचे मेळावे भरतात. संध्याकाळी जुन्या गाड्या ढकलून सुरू करतात. त्या जागच्या जागी गरजतात, ज्वाळा ओकतात, आणि पळत मात्र नाहीत. त्या इंधनाच्या धुराने डोळ्यांत पाणी येतेच. त्यामुळे कोणी कशासाठी डोळे पुसले हे विचारावे लागत नाही. इकडे विजेवर चालणारी घरगुती मोटार नऊ-साडेनऊ सेकंदांत, काही आवाज न करता, पाव मैल ओलांडते.

आवाज गेला याचे म्हाताऱ्यांना दुःख आहे. मला वाटते, खरे गेले ते दुसरेच. गेली ती जागा, आणि जागा देणारी माणसे. हौस काही पट्ट्यांबरोबर उठून गेली नाही. २०२० च्या साथीत रस्ते ओस पडताच अमेरिकेतल्या शहराशहरांतून रात्रीच्या शर्यतींना पुन्हा ऊत आला. जेथून निघाले तेथेच परत!

आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर कितीतरी वर्षे मोटारींच्या शर्यती झाल्या. अलीकडे लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यतीही झाल्या आहेत. पण आमच्या तालुक्याच्या पोराला आंबी व्हॅली म्हणजे कॅलिफोर्नियाच.

परवा हा सगळा इतिहास मी त्या मुलाला ऐकवला. प्लास्टर निघाले आहे, पण अजून लंगडतो. २००८ साली न्यू जर्सीत स्कॉट कॅलिटा हा चालक गाडी न थांबल्याने मरण पावला, आणि त्यानंतर सर्वांत वेगवान गाड्यांसाठी अंतर १३२० वरून १००० फुटांवर आणले, हेही सांगितले. मग भीत भीत म्हणालो, "बाजारतळामागची पड जमीन आहे, तिच्याविषयी नगरपालिकेत बोलून पाहीन म्हणतो. पाव मैल काही भरायची नाही."

त्याने खिडकीतून बाहेर पाहत थोडा विचार केला.

"पळायला कमी असली तरी चालेल, सर," तो म्हणाला, "थांबायला जागा मात्र भरपूर पाहिजे."