मुळशीचा मावळा कोठे आहे?

मुळशी सत्याग्रह म्हटला की आपल्या मनात एकच नाव उमटते : सेनापती बापट. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली, हे खरे. पण सेनेचे काय?

मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून, पूर्वेकडे वाहणारे पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे उतरवायचे आणि त्यावर निघालेली वीज मुंबईला द्यायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. त्यात पन्नासहून अधिक गावे आणि आंबेमोहोराची खाचरे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. काम तात्पुरते थांबले. त्याच महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'त टाटांना कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी विचारविनिमय करण्याचे आवाहन केले. पुढे सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीला दिला आणि काम पुन्हा सुरू झाले.

येथपर्यंतची कथा पाठ्यपुस्तकी आहे. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात दाखविलेली फट मात्र अधिक बोलकी वाटते. खोऱ्यातील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या. कसणारा मावळा कूळ वा ऋणको होता. सावकाराला जमीन म्हणजे रक्कम, आणि रकमेचा मोबदला रकमेत होऊ शकतो. म्हणूनच भरपाईचा प्रश्न येताच पुण्यातील पाठिंबा दुभंगला. 'जान किंवा जमीन' ही घोषणा दोघांच्या तोंडी एकाच अर्थाने असणे शक्यच नव्हते.

या दुभंगात गावोगाव हिंडून माणसे जोडणारे विनायकराव भुस्कुटे मला बापटांइतकेच महत्त्वाचे वाटतात. त्यांनी या सत्याग्रहाचा वृत्तान्तही लिहून ठेवला. (चळवळीचा इतिहास कार्यकर्त्यानेच लिहावा लागणे, ही आपली जुनी परंपरा!) बापटांची वाट निराळी झाली. आपल्या 'शुद्ध सत्याग्रहा'त त्यांनी प्रतिकाराच्या बळाला जागा ठेवली, १९२४ च्या अखेरीस रेल्वे अडविली आणि १९३१ पर्यंत कारावास भोगला. तोपर्यंत धरण उभे राहिले होते.

चरित्रग्रंथांनी हा कारावास तपशिलाने टिपला आहे. तुरुंगात गेलेल्या मावळ स्त्रीपुरुषांपैकी फार थोड्यांची नावे आपल्या वाङ्मयात आली. बुडालेल्या गावांची नावे तरी वर्गात वाचून दाखवावीत, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.