मुल्कोवाल दुर्घटना (१९०२) : धनुर्वाताचा जीवाणू आणि परळची प्लेग लस

प्रस्तावना :
ऑक्सिजनच्या अभावी वाढणाऱ्या जीवाणूंना अवायुजीवी जीवाणू म्हणतात. धनुर्वाताचा जीवाणू हा त्यांपैकीच एक होय. जपानी शास्त्रज्ञ किटासाटो यांनी १८८९ मध्ये तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याचे बीजाणू मातीत दीर्घकाळ टिकून राहतात. या जीवाणूमुळे मुंबईच्या प्लेग लसीवर ओढवलेल्या संकटाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. मुंबईच्या गिरणी कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा मोठा भरणा असल्याने ही साथ कोकणाच्याही चिंतेचा विषय होती. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली.

दुर्घटना व चौकशी :
३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल (सध्या पाकिस्तानात) येथे १०७ जणांस लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. लसीत कार्बोलिक आम्ल न मिसळता केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण केले जात होते. या कारणावरून चौकशी आयोगाने परळच्या प्रयोगशाळेस दोषी धरले. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

पुराव्याची चिकित्सा :
ही बाटली परळ येथे ४१ दिवस आधी भरलेली होती. जीवाणू तेव्हाच आत शिरले असते, तर बंद बाटलीत त्यांची भरपूर वाढ होऊन लसीस दुर्गंधी आली असती. साचलेल्या विषामुळे लक्षणेही लवकर दिसली असती. प्रत्यक्षात बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना दुर्गंधी जाणवली नव्हती व लक्षणे सुमारे आठवड्याने दिसली. शिवाय बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न तापवताच वापरला गेला होता. म्हणजे संसर्ग बाटली उघडताना झाला असावा. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध करून हाच पक्ष मांडला. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले.

निष्कर्ष :
दोषनिश्चितीसाठी जीवाणूच्या स्वभावधर्माचा पुरावा उपलब्ध होता; परंतु आयोगाने लस बनविण्याच्या पद्धतीतील बदलालाच अधिक महत्त्व दिले. परळच्या संस्थेस १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तथापि मुल्कोवालच्या १९ मृतांचे स्मरण ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. लस प्रयोगशाळेत निर्दोष असणे पुरेसे नाही. ती टोचणाऱ्याच्या हातीही निर्दोष राहिली पाहिजे, हाच या घटनेचा बोध होय.