बन्या फेणेची जन्मतारीख

हॅरी पॉटरचं जन्मसाल शोधायचं असेल तर दुसऱ्या पुस्तकातल्या एका केककडे बघावं लागतं. मुंडकं अर्धवट तुटलेल्या निक नावाच्या भुताची पाचशेवी पुण्यतिथी असते आणि केकवर त्याच्या मृत्यूची तारीख लिहिलेली असते, ३१ ऑक्टोबर १४९२. त्यात पाचशे मिळवले की १९९२. त्या वर्षी हॅरी बारा वर्षांचा, म्हणजे जन्म १९८०चा. पुढे सातव्या पुस्तकात त्याच्या आईवडिलांच्या थडग्यावर १९८१ हे साल दिसतं आणि हिशोब जुळतो. फक्त चौथ्या पुस्तकात, १९९४च्या उन्हाळ्यात, डडली खिडकीतून प्लेस्टेशन फेकतो तिथे घोळ होतो. प्लेस्टेशन तेव्हा जगात कुठेच विकायला आलं नव्हतं. जपानमध्ये ते त्या वर्षीच्या डिसेंबरात आलं, युरोपात त्याच्याही पुढच्या वर्षी.

असले हिशोब करत बसणारी माणसं मला आपली वाटतात. सर्व्हरच्या लॉगमधले टाइमस्टॅम्प जुळवत कुठली गोष्ट आधी घडली आणि कुठली नंतर हे ठरवणं, हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. त्यातून माझं ऑफिस फुरसुंगीच्या हद्दीत. मग हॅरीला सोडून आपल्या गावच्या पोराकडे वळणं आलंच.

ज्यांची भेट झालेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : बनेश ऊर्फ बन्या फेणे, फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा. सायकल सुसाट, नाक नको तिथे खुपसलेलं, तोंडात ‘ट्टॉक्’. भा. रा. भागवतांनी त्याच्यावर वीस पुस्तकं लिहिली. वाचणारे त्याला प्रेमाने फाफे म्हणतात.

तर, फाफेचं वय किती?

सगळ्यात पक्का धागा युद्धाचा आहे. बन्या चीनच्या आक्रमणाच्या धामधुमीत थेट नेफात जाऊन पोचतो. हे युद्ध २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२, जेमतेम महिनाभर चाललं. शिवाय ‘नेफा’ हा शब्द स्वतःच एक टाइमस्टॅम्प आहे. जानेवारी १९७२मध्ये त्या भागाचं नाव अरुणाचल प्रदेश झालं. आज दहावीतल्या मुलाला नेफा म्हटलं तर त्याला ते एखादं परीक्षेचं नाव वाटेल.

म्हणजे १९६२ साली बन्या शाळेत होता. पण कितवीत? एक कडा सायकल देते. तेव्हा लहान मुलांसाठी वेगळ्या सायकली क्वचितच असायच्या. आठ-नऊ वर्षांची पोरं मोठ्या माणसांच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून ती तिरकी तिरकी चालवायची. चोरांचा पाठलाग करायचा तर सीटवर बसून पाय पॅडलला पुरायला हवेत. म्हणजे अकरा-बारा तरी पूर्ण. दुसरी कडा शाळेची. त्या काळी एसएससी अकरावीला होती. सोळा-सतराव्या वर्षी ती द्यायची आणि त्याआधीचं वर्षभर घरचे कुणाला नेफाला काय, पर्वतीलाही पाठवत नसत. मधला आकडा धरू. तेरा. जन्म १९४९.

इथपर्यंत सगळं छान चालतं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या तेव्हा बन्या बारा वर्षांचा. १९६६च्या आसपास मॅट्रिक. आणि इथे गाडी रुळावरून घसरते, कारण पुस्तकं थांबत नाहीत. १९७० आणि ८०च्या दशकांत ती एकामागून एक येत राहिली आणि बन्या शाळेतच राहिला. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीच्या एसएससीची पहिली बॅच बसली, तेव्हा आपल्या हिशोबाने तो सव्वीसचा, घरात मुली बघणं सुरू असलेला. दूरदर्शनवर मालिका आली तेव्हा त्याचं काम केलं सुमीत राघवनने, ज्याचा जन्म १९७१चा, म्हणजे नेफाच्या लढाईनंतर नऊ वर्षांनी. एका पुस्तकाच्या नावात तो ‘बालबहाद्दर’ आहे, दुसऱ्याच्या नावात ‘जवानमर्द’. मधल्या काळात मिशी फुटल्याची नोंद नाही.

हे काही भागवतांचंच वैशिष्ट्य नव्हे. इंग्रजीतला विल्यम १९२२च्या पहिल्या पुस्तकापासून १९७०च्या शेवटच्या पुस्तकापर्यंत अकरा वर्षांचाच होता. मध्ये हिटलर येऊन गेला, माणूस चंद्रावर गेला, विल्यमचा वाढदिवस मात्र झाला नाही. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५मधल्या पहिल्या कथेत सत्तावीसचा आहे आणि राय १९९२ साली गेले तेव्हाही तो पन्नाशीच्या जवळपास फिरकला नव्हता. कारण साधं आहे. मुलांच्या पुस्तकाचा वाचक तीन-चार वर्षांत मोठा होऊन निघून जातो आणि त्याच्या जागी नवा येतो. माझे बाबा १९७६ साली अकरा वर्षांचे होते, मी २००८ साली. दोघांनाही बन्या आपल्यापेक्षा दोन इयत्ता पुढचा वाटला. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याचं वय हे कॉन्स्टंट नाही आणि व्हेरिएबलही नाही, ते वाचणाऱ्याच्या वयावरून दर वेळी नव्याने काढलं जातं.

२०१७चा सिनेमा या भानगडीत पडला नाही. त्याने बन्याला उचलून मोबाइलच्या जमान्यात ठेवलं, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात आणलं, म्हणजे अठराचा केला, आणि काम दिलं तिशीला टेकलेल्या अमेय वाघला. त्यात त्याला भा. रा. भागवत नावाचे आजोबा भेटतात. खऱ्या भागवतांचा जन्म १९१०चा. ते २००१ साली गेले; असते तर १०७ वर्षांचे असते. लेखक आणि नायक दोघांनाही एकदम पुढे सरकवायचं हा उपाय मला पटला. भागवतांचं काम दिलीप प्रभावळकरांनी केलंय, आणि बोक्या सातबंडे या आणखी एका न वाढणाऱ्या मुलाचे ते स्वतः लेखक आहेत, हे तर फारच झकास.

पण १९४९ हा आकडा माझ्या डोक्यातून गेला नाही. त्या सुमाराला जन्मलेलं, गावाकडून पुण्यात शिकायला आलेलं माणूस आमच्या सोसायटीतच आहे. हे आजोबा मूळचे पुरंदर तालुक्यातले. त्यांना विचारलं, तुमचा जन्म कधीचा? ते म्हणाले, “कागदावरचा का खरा?”

कागदावर १ जून १९४९. खरा कधीचा हे कुणालाच ठाऊक नाही. आई सांगायची, गांधीजींना मारलं त्याच्या पुढच्या वर्षी, थंडी पडायला लागली होती तेव्हा. शाळेत घालताना वय पूर्ण भरत नव्हतं, म्हणून गुरुजींनी तारीख अलीकडची सोडून मागची टाकली. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून १ जून. तुमच्या आजी-आजोबांचं आधार कार्ड काढून बघा, तीच तारीख निघण्याची शक्यता बरीच आहे. महाराष्ट्रात एका पिढीचे हजारो लोक एकाच दिवशी जन्मले आहेत. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठीचा कायदा १९६९ सालचा. त्याआधी खेड्यातल्या मुलाचं वय घरातल्या कुणाच्या तरी आठवणीत असायचं आणि आठवण मोठ्या घटनेला बांधलेली असायची. पानशेतच्या वर्षी. कोयनेच्या भूकंपाच्या आधी. बहात्तरच्या दुष्काळात.

मी बन्याचं वय नेफावरून काढलं तेही याच पद्धतीने. हॅरीकडे थडगं आहे, कोरीव तारीख आहे. फुरसुंगीच्या १९४९च्या पोराकडे तशी अपेक्षाच करता येत नाही.

गावाच्या तारखा मात्र पक्क्या आहेत. बन्याच्या लहानपणी फुरसुंगी हवेली तालुक्यातलं खेडं होतं, तिथून पुणं म्हणजे ‘शहरात जाणं’. पुढे पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या वेशीवर येऊन पडायला लागला, विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या पुन्हापुन्हा अडवल्या. त्याच पट्ट्यात सासवड रस्त्याला आमच्यासारख्यांची काचेची ऑफिसं आली. ऑक्टोबर २०१७मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं. सिनेमाही त्याच महिन्यात लागला. २०२४मध्ये उरुळी देवाचीसह ते महापालिकेतून बाहेर काढून वेगळी नगर परिषद झाली. आज बन्याला दाखला हवा असेल तर ग्रामपंचायतीतून महापालिकेत आणि महापालिकेतून नगर परिषदेत गेलेली जुनी दप्तरं कुणाकडे आहेत, इथून तपास सुरू करावा लागेल. तो करेलही. कचऱ्याच्या प्रकरणात तर तो पहिल्या दिवसापासून पडला असता, आणि पंचाहत्तरीतही सायकलवरूनच.

सोसायटीतल्या आजोबांना त्या खोट्या तारखेमुळे नोकरीतून चार-पाच महिने आधी निवृत्त व्हावं लागलं. पगाराचा, पेन्शनचा हिशोब त्यांना अजून तोंडपाठ आहे. सरकारी नियम असा की जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. त्यामुळे दर ३१ मेला राज्यभरच्या कचेऱ्यांत एकदम हार-तुरे आणि नारळ. बन्याच्या गुरुजींनीही १ जूनच टाकली असणार. सरकारी नोकरीत चिकटला असता तर अठ्ठावन्न पुरी होऊन तो ३१ मे २००७ला निवृत्त झाला असता. ३१ मे हा भा. रा. भागवतांचा वाढदिवस.