दप्तरातील माती : कुंभारांच्या नावांचा शोध

वसईच्या इतिहासातील ठळक सनावळ्या आपल्या मुलांना पाठ असतात. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी येथेच तह केला. सुलतान, गव्हर्नर, पेशवा यांची नावे इतिहासाने जपली. परंतु किल्ल्याच्या तटावर पहारा करणारा शिपाई ज्या मडक्यातले पाणी पीत होता, ते मडके कोणी घडविले? वाडीतील रहाटाला बांधलेली गाडगी कोणाच्या चाकावरून उतरली? या प्रश्नांना सनावळीत जागा नाही. आजच्या लेखात आम्ही त्यांचाच पाठपुरावा करू इच्छितो.

कोणी म्हणेल, कुंभाराचा इतिहास लिहून काय साधणार? त्याचे उत्तर परदेशातील एका नगराने दिले आहे. इंग्लंडच्या पश्चिमेकडील ब्रिस्टल हे जुने बंदर. तेथील अभ्यासकांनी नगराच्या दप्तरांतून सतराव्या व अठराव्या शतकांतील कुंभारांची चरित्रे एकेक करून जुळविली आहेत. त्यांच्या हाताशी साधने कोणती होती? पहिले साधन उमेदवारांच्या नोंदवहीचे. ब्रिस्टल नगरपालिकेची ही वही १५३२ पासून सुरू होते. मुलगा एखाद्या कारागिराकडे काम शिकण्यास राहिला की त्याचे नाव, बापाचे नाव, गाव व धंदा, तसेच गुरूचे आणि बहुधा गुरुपत्नीचेही नाव तीत लिहीत. सर्वसाधारणपणे सात वर्षे उमेदवारी केल्यावर त्याला नगराचे नागरिकत्व मिळे, त्याची नोंद दुसऱ्या वहीत होई. नागरिक झालेला कुंभार निवडणुकीत मत देई, म्हणून मतदारांच्या यादीत तो पुन्हा भेटतो. विवाह आणि दफन चर्चच्या वहीत सापडते. तो वारल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी होई. तीत भट्टी, साचे, विकावयाची राहिलेली भांडी, क्वचित घरातील खुर्च्याही मोजलेल्या असत. पाच-सहा कागद एकमेकांशेजारी ठेवले की एक संपूर्ण माणूस उभा राहतो. कोणाचा शिष्य, कोणाचा जावई, कोणाचे देणे लागत होता, हे सारे उमगते.

या पद्धतीचे मर्म असे की कोणताही एक कागद माणसाचे चरित्र सांगत नाही. प्रत्येक कागद दुसऱ्याच हेतूने लिहिलेला असतो. करवसुलीसाठी, वारसा ठरविण्यासाठी, संस्काराची साक्ष राहावी म्हणून. कुंभार त्या कागदात केवळ वाटेवर भेटतो. अभ्यासकाचे काम म्हणजे त्या वाटा एकत्र आणणे.

आपल्या देशात असे काही नव्हते असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील लेण्यांच्या भिंती हे आपले अतिप्राचीन दप्तरच आहे. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील, एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक कुळातील उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी कायमची ठेव ठेवली. ही रक्कम तिने गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे सोपविली. त्यांत 'कुलरिक' श्रेणीकडे १००० कार्षापण दिल्याची नोंद आहे, आणि कुलरिक म्हणजे कुंभार असावेत असे विद्वान मानतात. हा अर्थ धरला तर केवढी गोष्ट कळते! त्या काळी कुंभारांची संघटना होती, तिच्याकडे कायमची ठेव ठेवण्याइतकी तिची पत होती आणि त्या ठेवीच्या व्याजातून रुग्णांची औषधे येत होती. कार्ले येथील लेण्यात धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार द्वाराच्या कामापाशी आपले नाव ठेवून गेला आहे. त्याच लेण्यातील एका खांबाच्या दानाशी आपल्या सोपाऱ्याच्या सातिमिताचे नाव जोडलेले आहे. सुताराचे नाव दगडावर राहिले. कुंभारांची श्रेणी राहिली, पण तिच्यातील एकाही माणसाचे नाव तेथे नाही.

मराठी मनाला ठाऊक असलेला एकच कुंभार नावानिशी अमर झाला, तो तेरचा संत गोरोबा. परंपरेनुसार त्यांचा काळ १२६७ ते १३१७. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोण पक्का, कोण कच्चा हे पाहणारे गोरोबाकाका महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. धाराशिव जिल्ह्यातील हे तेर म्हणजे प्राचीन 'तगर'. तेथे उत्खननात मिळालेल्या भाजलेल्या मातीच्या सुबक मूर्ती तेथील संग्रहालयात पाहावयास मिळतात. गोरोबांच्या आधी हजारभर वर्षे त्याच गावच्या मातीला आकार देणाऱ्या त्या हातांचे नाव मात्र कोणत्याही गाथेत नाही. संत झाला तरच कुंभाराचे नाव उरावे काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

गावगाड्यात कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावाला मडकी पुरवावयाची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यावयाचा, अशी ही व्यवस्था. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांवगाडा' या ग्रंथात तिचे बारकाईने वर्णन केले. ना. गो. चापेकरांनी १९३३ साली आपल्याच त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बदलापूर गावाचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. परंतु बलुत्याचा व्यवहार पुष्कळसा तोंडी चाले. ब्रिस्टलच्या कुंभाराने उमेदवार घेतला की कागद होई. आपला कुंभार स्वतःच्या मुलालाच चाकाशी बसवी, त्याला करारनाम्याची गरज काय? येथे विद्या घरातच दिली गेली, म्हणून ती दप्तरात आली नाही.

आता आपल्या वसईकडे वळू. पोर्तुगीजांनी कागद काही थोडे केले नाहीत. सिमाओ बोतेल्यु याने १५५४ साली तयार केलेल्या नोंदवहीत वसई प्रांतातील गावे व त्यांचे उत्पन्न आढळते. आंतोनियो बोकारू याने १६३५ च्या सुमारास केलेल्या किल्ल्यांच्या वर्णनात वसईतील सुमारे ४०० पोर्तुगीज आणि २०० एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबे मोजली आहेत. ही २०० कुटुंबे आपले पूर्वज होत. परंतु तेथे ती केवळ एक आकडा आहेत. १८७६ साली डॉ. जोझे जेर्सन द कुन्हा यांनी चौल व वसईच्या अवशेषांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि पडक्या चर्चमधील थडग्यांवरचे लेख नोंदवून ठेवले. त्यांचे हे ऋण मोठे आहे. पण कोरीव शिळा ज्याला परवडे त्याचेच नाव शिळेवर राही. गोव्यातील बॉम जेझस बासिलिकेच्या दर्शनी भागाला वसईचा दगड लागला आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. तो दगड खाणीतून काढून, घडवून गलबतात चढविणाऱ्या पाथरवटांपैकी एकाचे तरी नाव आपण सांगू शकतो का?

अशा वेळी आपल्याजवळचे खरे धन कोणते, हे ओळखावयास हवे. ते आहे धर्मग्रामाच्या नोंदवह्या. त्रेंत येथील धर्मसभेने १५६३ साली विवाहाची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील कुटुंबांची गणना अशा पाच वह्यांचे नमुने घालून दिले. त्यामुळे झाले असे की, राजाच्या दप्तरात ज्याला स्थान नव्हते त्या माणसाचे नाव देवळाच्या दप्तरात लिहिले जाऊ लागले. जमीनदार असो वा कुंभार, दोघांच्या मुलांची नोंद एकाच पानावर, एकाच शाईने, तारखेच्या क्रमाने होई. आमच्या मते ही एक मूक सामाजिक क्रांतीच होती.

अर्थात या वह्या वाचणे सोपे नाही. जुन्या नोंदी पोर्तुगीज वा लॅटिन भाषेत असतात. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना पोर्तुगीज आडनावे मिळाली. त्यामुळे मूळ ज्ञाती व धंदा आडनावावरून ओळखता येत नाही, आणि एकाच गावात एकाच नावाची चार माणसे सापडतात. येथे ब्रिस्टलची युक्ती उपयोगी पडते. केवळ नाव पाहू नये; पत्नीचे नाव, आळीचे नाव, धर्मपिता व धर्ममाता यांची नावे एकत्र पाहावीत. त्रेंतच्या नियमाने धर्मपालक एक, किंवा फार तर एक पुरुष व एक स्त्री, इतकेच असत. म्हणून ती निवड विचारपूर्वक होई. एकाच कुटुंबातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या मुलांचे धर्मपालक झालेली दिसली, तर त्यांच्यात नाते, शेजार किंवा एक धंदा असण्याचा संभव असतो. हा पुरावा नव्हे, पण पुराव्याकडे नेणारी पायवाट आहे.

वाट शोधताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपले धर्मग्राम वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या धर्मसत्तांखाली होते. १८८६ साली दमणचा धर्मप्रांत स्थापन झाला, १९२८ साली तो संपुष्टात आला, आणि १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत अस्तित्वात आला. तेव्हा एकाच घराण्याचे कागद निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले असू शकतात. गोव्याच्या दप्तरखान्याची परंपरा थेट १५९५ पर्यंत, दियोगु द कोउतु या इतिहासकारापर्यंत जाते. मराठी अंमलाची कागदपत्रे पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले.

इंग्रजी अंमलातील साधन म्हणजे १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर. त्यात ज्ञातीज्ञातींची वर्णने आहेत, कुंभारांचीही आहेत. पण तेथेही 'कुंभार' भेटतो, अमुक एक कुंभार भेटत नाही. इंग्लंडमधील जनगणनेच्या १८४१ पासूनच्या घरवार याद्या शंभर वर्षे उलटल्यावर अभ्यासकांना खुल्या होतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवली आहे. हाती येतात ते केवळ आकड्यांचे तक्ते. म्हणून आपल्याला चर्चची वही, शाळेचे जनरल रजिस्टर आणि जमिनीचे फेरफार यांवरच अधिक विसंबावे लागते.

कागद मुके असतील तेथे वस्तू बोलतात. वसईची वाडी घ्या. केळी, पानवेली आणि फुलझाडे यांना पाणी मिळे ते रहाटावर, आणि रहाटाच्या माळेला बांधलेली असत मातीची गाडगी. गाडगे फुटले की नवे हवे. माडीसाठी झाडावर चढे तेही मडकेच. छपरावर नळीची कौले कुंभाराची. घरात माठ, रांजण, परळ, पणती त्याचीच. मग काळ पालटला. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि यंत्रावर दाबलेली मंगलोरी कौले हळूहळू किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. ख्रिस्ती मिशनने शेकडो हातांना काम दिले हे खरे. त्याच कौलांनी गावोगावच्या कुंभाराचे छपराचे काम हिरावून घेतले हेही तितकेच खरे. पुढे विहिरीवर पंप आला आणि रहाट थांबला. तांबे-पितळ, ॲल्युमिनियम व प्लास्टिक आले आणि मडके अंगणात गेले. कोणी कुंभाराला हाकलले नाही. त्याच्याकडे जाण्याचे कारणच एकेक करून संपत गेले. अशा शांत अस्ताची तारीख कोणत्याच दप्तरात नोंदली जात नाही.

बायबलच्या वाचकांना कुंभार अपरिचित नाही. यिर्मया संदेष्ट्याला परमेश्वराने कुंभाराच्याच घरी धाडले. आणि मत्तयकृत शुभवर्तमान सांगते की यहूदाने परत फेकलेल्या तीस रुप्यांतून विकत घेतले गेले ते कुंभाराचे शेत, परक्यांना पुरण्यासाठी. ज्यांचे येथे कोणी नाही, ज्यांचे नाव घेणारा कोणी नाही, त्यांच्यासाठी ते शेत होते. आपलेच पूर्वज आपल्याच दप्तरात असे परके होऊन पडावेत काय?

वसई-विरारचे रूप झपाट्याने पालटत आहे. जुनी घरे पडतात तेव्हा पेटाऱ्यातील कागदही ढिगाऱ्यात जातात. धर्मग्रामाच्या वह्यांनाही दमट हवा आणि कसर यांचे भय आहेच. म्हणून आमची प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा की आपल्या घराला गावात कोणत्या नावाने ओळखत, आजोबा-पणजोबा काय काम करीत, त्यांचे धर्मपालक कोण होते. उत्तर वहीत लिहा, खाली तारीख घाला, सांगणाऱ्याचे नाव घाला. पूर्वज कुंभार, पाथरवट, भंडारी वा मजूर असल्याचे सांगताना संकोच करू नका. तोच तपशील लपविला की पुढचा दुवा तुटतो. धर्मगुरूंच्या अनुमतीने आपल्या धर्मग्रामातील जीर्ण नोंदींची छायाचित्रे घेऊन ठेवता आली, तर ते काम कोणत्याही स्मारकापेक्षा मोलाचे ठरेल.

मातीचे भांडे फुटते, परंतु त्याची खापरी हजारो वर्षे टिकते आणि उत्खनन करणाऱ्याला त्या काळाची साक्ष देते. ज्याने ते घडविले त्याचे नाव तेवढे टिकत नाही. ते टिकविण्यासाठी दुसऱ्या कोणीतरी लिहावे लागते. आपल्या पूर्वजांसाठी ते लिहिणारे आता आपल्याखेरीज कोणी नाही.